बिनमुदतीचं कार्ड आणि चोवीस पेढे

इंगोलश्टाट, ९ जून

ती. शशिकांतमामांना,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नका आणि वाकू तर मुळीच नका, बसल्या जागेवरून दिलेला इथवर पोचतो.) दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि विश्रांतीसाठी तुम्ही महिनाभर साताऱ्याला आई-नानांकडे राहायला आलात, हे ऐकून फार बरं वाटलं. वाचायला डॉक्टरांची बंदी आहे म्हणे, तेव्हा पत्र कुणाकडून तरी वाचून घ्या. फोनवर मला महत्त्वाचं काही बोलताच येत नाही. हवापाणी सांगतो आणि ठेवून देतो.

मामा, कार्ड आलं. काल दुपारी आलं आणि तेव्हापासून मी ते अकरा वेळा वाचलं आहे. आतापर्यंतच्या माझ्या ब्लू कार्डाला मुदतही होती आणि अटही होती: इंजिनियर म्हणून आलात, इंजिनियर म्हणूनच राबा, नोकरी गेली तर वेळेत तसलीच दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. आता मिळालंय ते नीडरलासुंग्सएर्लाउब्निस, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना. (वाचणाऱ्याने दोन दमांत वाचलं तरी चालेल.) याला मुदत नाही, आणि कामाची अटही नाही. उद्या मी पाव भाजले, केस कापले किंवा बागेत गवत कापलं, तरी कुणी विचारणार नाही. नीता म्हणते, आधी घरातली भांडी घासून दाखव, त्याला कुठलंच कार्ड लागत नव्हतं.

पण ते हातात येण्यापूर्वी मी ते जवळजवळ घालवलंच होतं. कचेरीतली तारीख पाच महिन्यांनी मिळाली. आम्ही तिघंही दीड तास आधी पोचलो, कारण उशीर होईल या भीतीने मी सगळ्यांना अर्धवट नाश्त्यावरून उठवलं. सोबत पेन्शनचे कागद, जर्मन भाषेच्या परीक्षेचा दाखला, घराचा करार, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स (कुणीही मागितल्या नव्हत्या, पण झेरॉक्सशिवाय सरकारी कचेरीची पायरी चढायला माझे पाय तयार होत नाहीत) आणि दुधाच्या पावडरचे चोवीस पेढे. आईने फोनवर बजावलं होतं की शुभ कामाला रिकाम्या हाताने जाऊ नये. कागद तपासून टेबलापलीकडच्या बाईंनी मान डोलावली, मला वाटलं झालं, आणि मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. सही अजून व्हायची होती.

बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. अर्ज बाजूला ठेवून साहेबांना बोलवायला गेल्या, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण एका जर्मन सरकारी नोकराला, सहीच्या आधी, साक्षीदारांसमोर गोड पदार्थ देऊ केला आहे. नीता माझ्याकडे अशी बघत होती की तो दृष्टिक्षेपच हद्दपारीचा हुकूम होता. साहेब आले. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे तोंड गोड केल्याशिवाय बातमी खरी होत नाही. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे सही केल्याशिवाय होत नाही." मग लाच नव्हे हे त्यांनी मान्य केलं, पण तशी नोंद करावी लागेल म्हणाले: अर्जदाराने चोवीस नग परत नेले. बाईंनी मोजले तर तेवीस. पुन्हा मोजले, तरी तेवीस. तेवढ्यात आमच्या सहा वर्षांच्या अन्वीने (ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते) स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की तुम्ही बाहेर गेलात तेव्हा एक बाबांनी खाल्ला. घाबरलो की मी खातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नोंद दुरुस्त झाली, सही झाली, आणि तेवीसच्या तेवीस पेढे मी बाहेर ताटकळणाऱ्या अनोळखी लोकांना वाटले. स्वतःचा नंबर लागायच्या आधीच त्या लोकांनी माझं अभिनंदन केलं.

मामा, नानांनी एकतीस वर्षं एसटी चालवली ती या कार्डासाठीच, असं मी मानतो. माझ्या बारशाला ते चारचौघांत म्हणाले होते, माझ्या मुलाच्या हातात स्टिअरिंग येऊ देणार नाही. साक्षीला तुम्ही होतात. आज ते स्टँडवर सांगतात की मुलगा जर्मन गाड्या बनवतो. (खरं तर गाडीतल्या समोरच्या कप्प्याचं झाकण बंद होताना 'टक्' आवाज भारदस्त यावा, एवढंच मी चार वर्षं पाहतो आहे.) आईला नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तुमचा भाचा,
चारुदत्त

ता. क. मी राजीनामा दिला आहे. सप्टेंबरपासून इथल्या एका रेल्वे कंपनीत लोकल गाडीचा ड्रायव्हर होण्याचं शिक्षण घेणार आहे, शिकतानाही पगार मिळतो. नीता हो म्हणाली आहे. डोळ्यांच्या तपासणीत पास झालो. सात वर्षांचा असताना नानांच्या शेजारी बॉनेटवर बसून महाबळेश्वरचा घाट चढलो, तेव्हापासून मला हेच करायचं होतं. सांगायची हिंमत नव्हती आणि मग कार्डाचं निमित्त मिळालं. कृपा करून नानांना तुम्हीच सांगा, जेवण झाल्यावर आणि रक्तदाबाची गोळी घेतल्यावर.

ता. क. २. मामा, तुम्हाला वाचायला बंदी आहे आणि त्या घरात माझं अक्षर फक्त एकाच माणसाला लागतं, हे मला पत्र लिहायला बसतानाच माहीत होतं. तेव्हा पुढचं तुमच्यासाठी नाही.

नाना, चष्मा काढू नका. जर्मन सरकारची परवानगी मिळाली आहे, तुमची राहिली आहे. तुमचा शब्द मी मोडलेला नाही. आगगाडीला स्टिअरिंग नसतं.