मोटर चालू की बंद?

शुक्रवार संध्याकाळ, मेहरूण

सकाळी चोपड्याहून वडिलांचा फोन. "मोटर चालू शे का बंद शे? तुनं अ‍ॅप दोन्ही सांगस!"

खरंच. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर चालू, केळीच्या मळ्याच्या पानावर बंद. त्यांनी बटण पुन्हा दाबलं आणि चालती मोटर थांबली! शेवटी विहिरीवर जाऊन पाइपला हात लावून बघितलं, पाणी वाहतंय का.

चूक माझीच. प्रत्येक पान आपापली नोंद वेगळी धरून बसलेलं. एवढ्याशा अ‍ॅपला सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं स्टोअर कशाला, असं मीच म्हणत होते ना? आज त्यासाठी तयार कोडची एक छोटीशी लायब्ररी घेतली. मोटरची स्थिती आता एकाच जागी, दोन्ही पानं तिथूनच वाचतात. कोडही कमी झाला. बरं वाटतंय.

आत्ता विचारलं, "नाना, दोन्हीकडे काय दिसतंय?"

"चालू."

"मग आता पाइपला हात नाही ना लावला?"

"लावेल शे. पाइप बी चालूच सांगस."