दोनशे सत्त्याऐंशी वाढदिवस

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र हातात पडेल तेव्हा तुमचा गुडघा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वागत असेल अशी आशा आहे. (तुम्ही स्वतः तसे वागत नाही, हे ताईने कळवलं आहे. लिफ्टमध्ये माणूस बसलेला नसतो म्हणून तिच्यावर विश्वास नाही आणि चार जिने पायी, हे ऑपरेशनच्या आधी ठीक होतं.) मामींच्या हाताची सूज उतरली का? इकडे घर ठीक आहे. मोरी तुंबली होती, ती साफ करून घेतली. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता आणि हे प्रकरण एका "बरं"मध्ये बसणारं नाही. शिवाय त्याची सुरुवात तुमच्याच हस्ताक्षरात झालेली आहे. रागावू नका, पुढे वाचा.

आपल्या बँकेसमोर काचेची बँक आली, हे तुम्हाला माहीत आहे. आत गारवा, दारात नंबर देणारं यंत्र, आणि चार सारख्याच कपड्यांतली, सारखीच हसणारी मुलं. आमच्याकडे पंखा आहे आणि कॅशियरकाका आहेत. दोघेही मधून मधून आवाज करतात. आमच्या नव्या मॅनेजरबाईंचं म्हणणं असं, की गारव्यात आपण हरणार, पण ओळखीत हरायचं कारण नाही. तुम्ही नोकरीत, इथल्या खिडकीत असताना माणूस पैसे काढायला यायचा आणि मुलीचं स्थळ, सासूचा दमा, गळकं छप्पर असं सगळं सांगून, कधीकधी पैसे काढायचे विसरून घरी जायचा. तीच खिडकी आता आपण खातेदाराच्या दारात न्यायची, असं बाईंनी ठरवलं. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या घरी त्याच दिवशी जाऊन एक फूल, बँकेचं नाव छापलेलं एक पेन आणि तोंडाने चार बरे शब्द द्यायचे. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी वयाने लहान आणि अजून कायम न झालेला. मला कायम करायचा कागद सहा महिने मुख्य कार्यालयात पडून आहे. तो तिथून हलेपर्यंत मला बँकेत खुर्ची आहे, पण तिचा भरवसा नाही.

मार्च महिना सुखात गेला. आठवड्याला तीन-चार वाढदिवस, सायकलवर फेरी, दोन घरी चहा. मी इतका खूश होतो, की बाईंनी विचारल्यावर छातीठोकपणे सांगितलं, एकही खातेदार सुटणार नाही. बाईंनी लगेच मुख्य कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना बोलावणं धाडलं. दिवस निवडला सतरा एप्रिल, बँकेचा स्थापना दिवस. साहेब येताना माझा कागद घेऊन येणार आणि आमचा संपर्क डोळ्यांनी पाहून त्यावर सही करणार, असं ठरलं. सोळा तारखेला दुपारी मी दुसऱ्या दिवसाची यादी छापायला घेतली. पहिलं पान आलं, दुसरं आलं, पाचवं आलं. सातव्या पानाला शिपाईदादांना वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून त्यांनी पिन उपटली. पुन्हा लावली तर उरलेली पानं आली. एकूण दोनशे सत्त्याऐंशी माणसं सतरा एप्रिलला जन्मलेली.

मी पानं दोनदा मोजली. कॅशियरकाकांनी मात्र चष्मा पुसला आणि तुमचं गुपित फोडलं. खातं उघडायला आलेल्या ज्या माणसाला जन्मतारीख सांगता आली नाही, त्याला तुम्ही परत पाठवलं नाहीत. बँक उघडली तीच तारीख लिहून दिलीत, आणि वर्ष चेहरा बघून घातलंत! मामा, एरवी तुम्ही एका पैशाच्या फरकासाठी अख्खी बँक थांबवून धरणारे.

सतराला सकाळी सहा वाजता मी निघालो. फुलवाल्या बाईंकडे साठ गुलाब होते, पेनं चाळीस. पहिलं घर पत्र्याचे डबे करणाऱ्यांचं. त्यांना फूल दिलं, चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्यांची बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. त्यांनी बायकोला अडुसष्ट सांगितले होते. बायको म्हणाली, "लग्नातही असंच केलं असणार तुम्ही." मी पेन ठेवून निघालो. तिथून लॉन्ड्रीवाल्याकडे. तिथे आई आणि मुलगा दोघांचाही वाढदिवस, आणि आपल्या दप्तराप्रमाणे आई मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. (ती बाई तुम्हाला तेव्हा फारच तरुण दिसलेली दिसते. हे वाक्य मामींना वाचून दाखवू नका.) मुलाला टक्कल आहे, त्यामुळे त्याला राग आला. आईला मात्र राग आला नाही. तिने पेन पदराला खोचलं आणि आज मी इस्त्री करणार नाही, असं जाहीर केलं.

असं करत दहा वाजेपर्यंत माझी एकोणीस घरं झाली, कारण कुठलंही घर दोन मिनिटांत सोडत नव्हतं. आपला वाढदिवस आहे हे पहिल्यांदाच कळलेल्या माणसाला घाईत उरकता येत नाही. मोठे साहेब बाराला येणार होते आणि दोनशे अडुसष्ट बाकी होते. शेवटी मी हात टेकले आणि चौकातल्या न्हाव्याला गाठलं. बँकेत जुनं खातं असलेल्या आणि स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसलेल्या प्रत्येकाने बाराच्या आत बँकेत यावं, आज तुमचा वाढदिवस आहे, एवढंच त्याला सांगितलं. त्याच्या खुर्चीत बसलेला माणूस अर्ध्या दाढीने उठून गेला, यावरून बातमी कशी पसरली असेल ते समजा.

मामा, ती गर्दी तुम्ही पाहायला हवी होती. लोक काठ्या टेकत, सुनांच्या हाताला धरून आले, एक आजी तर हातगाडीवर बसून आल्या. गुलाब संपले, तेव्हा लोकांनी पाकळ्या वाटून घेतल्या. ज्याला त्याला समोरच्याला शुभेच्छा द्यायच्या होत्या आणि समोरच्याचाही वाढदिवस असल्यामुळे त्याच परत घ्यायच्या होत्या, त्यामुळे ते लवकर संपेना. पिठाच्या गिरणीवाले दोघे भाऊ आठवतात ना? मधल्या भिंतीवरून अकरा वर्षं अबोला. तुम्ही दोघांना एकच वर्ष दिलंत हे कळल्यावर धाकटा म्हणाला, "म्हणजे तू मोठा नाहीसच." थोरला म्हणाला, "मी तुला खांद्यावर बसवून फिरवलंय रे, गाढवा." अकरा वर्षांतला तो पहिला संवाद. पुढे तासभर ते भांडत होते आणि आम्ही कोणीही मध्ये पडलो नाही. समोरच्या काचेच्या बँकेतली चारही मुलं बाहेर येऊन बघत उभी होती. माझी छाती फुगली, हे लपवत नाही.

तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांना दारातून आत येता येईना. एका आजोबांनी त्यांनाही वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आत आल्यावर त्यांनी यादी मागितली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं आणि माझा कागद, जो खिशातून निम्मा बाहेर आला होता, तो परत आत गेला. दप्तर सदोष आहे, सर्व तारखा पुराव्यासह एका महिन्यात दुरुस्त कराव्यात, तोपर्यंत संबंधित कर्मचाऱ्याला कायम करू नये, असा शेरा मारून ते गेले. मॅनेजरबाईंनी मला चहा मागवला.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीचे फॉर्म घेऊन मी बँकेच्या दारात टेबल टाकून बसलो आहे. आज एकोणीस दिवस झाले आणि दुरुस्त्या शून्य. लोक येतात, बसतात, गप्पा मारतात, पण दुसरी तारीख कोणी देत नाही. डबेवाले तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, "सत्तर वर्षं मला कोणी विचारलं नाही, तू कधी जन्मलास म्हणून. आता एक दिवस मिळालाय, तर तोही परत मागतोस होय?" मी फॉर्म खाली ठेवला.

असो. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा, लिफ्टला एक संधी द्या. मामींना नमस्कार, ताईला आणि भाच्याला आशीर्वाद (ताई मोठी आहे, पण एवढं फिरून आल्यावर मला आता वयाचं काही सुचत नाही).

तुमचा,
अजून कायम न झालेला भाचा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. सोबत एक कागद जोडला आहे. "सदर तारखा मी कामाच्या घाईत, चुकीने लिहिल्या," एवढंच त्यावर आहे. खाली सही करून उलट टपाली पाठवा. मोठे साहेब म्हणतात, जुन्या हेडक्लार्कची लेखी कबुली आली तर दोष माझ्यावर राहत नाही आणि माझा कागद सुटतो. तुमची निवृत्ती झालेली आहे, तुम्हाला काही होणार नाही. मागायला लाज वाटली, म्हणून एवढं लांबण लावलं.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत हे लिहितो आहे. दुरुस्तीसाठी शिपाईदादांनी माळ्यावरून जुन्या फॉर्मांचं खोकं काढलं, त्यात माझ्या लहानपणी तुम्ही उघडलेल्या खात्याचा फॉर्म सापडला. मला तुमच्या घरी आणलं तेव्हा मी तीन वर्षांचा आणि माझ्यासोबत कागद एकही नव्हता, हे मला ठाऊक होतं. मग सतरा एप्रिल का नाही? मला तुम्ही नऊ नोव्हेंबर का दिलीत? मी मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, तुला आणलं तो दिवस. आमच्या घरी त्या दिवशी मुलगा आला. दुसरी कुठली तारीख लिहायची होती?"

मामा, जोडलेला कागद फाडून टाका. तारखा तपासल्या, त्या बरोबर आहेत, असं मी आताच साहेबांना लिहून दिलं आणि खाली माझी सही केली. बाईंनी वाचलं, स्वतःची सही माझ्या सहीच्या खाली केली आणि मग शिक्का शोधायला लागल्या. पुढे काय व्हायचं ते होईल. तुम्ही दोघं नऊ नोव्हेंबरला इथे या. गुडघा नाही म्हणाला तर मी तिकडे येतो, चारही जिने चढून.