फत्तेसिंहरावांच्या वाट्याची फियाट

मी, कमला प्रतापसिंहराव शितोळे, वय चौसष्ट, धंदा जुन्या मोटारींची खरेदी-विक्री, राहणार लहरीपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे दुखतात, डोके ठीक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती मुलगी भक्ती हिला द्यावेत. मोत्यांची नथ चुलत जाऊ रखमाबाई मागतील, ती त्यांना देऊ नये. बाईमाणसाने गाडीखाली वाकणे शोभत नाही, असे त्या माझ्या यजमानांच्या तेराव्याला सर्वांदेखत म्हणाल्या होत्या.

२. पादरा रस्त्यावरील गाड्यांचे आवार माझे धाकटे दीर फत्तेसिंहराव यांना द्यावे. भक्ती विचारेल, का? म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा फत्तेसिंह नुकता पावले टाकू लागला होता. सासूबाई त्याच वर्षी गेल्या. त्याला मीच वाढवले. पुढे यजमान गेल्यावर आवार आम्ही दोघांनी चालवले. जुनी गाडी पाहताना ती किती किलोमीटर चालली ते दाखवणारे मीटर मी शेवटी पाहते. आधी ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, चालकाची बसलेली सीट, स्टिअरिंगवर हातांनी आलेली चकाकी. मग मालक किती मागतो ते ऐकते. हे यजमानांनी मला शिकवले आणि मी फत्तेसिंहाला.

१९९४ साली नव्या गाड्यांपुढे जुन्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा त्याने एका टॅक्सीचे मीटर मागे फिरवून घेतले. कोयलीच्या रिफायनरीतले एक गृहस्थ बायकोला घेऊन ती अँबेसेडर पाहायला आले. मी पेडल पाहिले आणि त्यांना म्हणाले, "ही टॅक्सी होती. आकडा खोटा आहे. घेऊ नका."

ते गेल्यावर फत्तेसिंह म्हणाला, "वहिनी, मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. चार लोकांत कशाला?"

"तोवर त्यांनी विसार दिला असता."

तो जेवला नाही. संध्याकाळी सुरतेला निघून गेला. मी सांगितले ते बरोबरच होते, आजही तेच सांगेन. पण त्यानंतर मला वहिनी म्हणणारे घरात कोणी उरले नाही.

३. आवारातली काळी फियाट कोणालाही विकू नये.

ती दोन वर्षांपूर्वी एक गुजराती गृहस्थ घेऊन आले. "बेन, शुं आपशो?" किती द्याल, असे त्यांनी विचारले आणि स्वतःची किंमतही सांगितली. मीटरच्या मानाने ती फारच कमी होती. पेडल पाहिले, तर अगदी रास्त होती. मी कारण विचारले.

"मीटर बदललेलं आहे, बेन. मला विकणाऱ्यानेच सांगितलं. सुरतचे फत्तेसिंहभाई. म्हणाले, बडोद्यात विकाल तर पादरा रस्त्यावर माझ्या वहिनींकडेच जा, आणि गाडी खरी किती चालली ते सांगा."

बॉनेट उघडायचेही मला सुचले नाही. "कसा आहे तो?" एवढेच विचारले.

"केस पिकलेत. बोलतात कमी."

मागितले तेवढे पैसे दिले. दुपारी आवारात कोणी नसले की मी त्या गाडीत बसते. चालकाच्या जागी नाही, शेजारी.

त्याचा पत्ता मी तेव्हाच घेतला होता. दोनदा सुरतेच्या बसपर्यंत जाऊन परत फिरले. समोर गेले आणि त्याने गिऱ्हाइकासारखे "या, बसा" म्हटले तर काय करायचे, ही भीती.

ही फियाट फत्तेसिंहरावांना द्यावी.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील गोविंद चिटणीस यांनी करावी. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडायचे असते, असे त्यांनी मला नीट समजावले आहे. ते मला समजले. तरीही याची एक नक्कल त्यांनी आजच सुरतेला पाठवावी.

सही: कमला प्रतापसिंहराव शितोळे

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. धनाजीराव पिलाजीराव माने
२. निरुपमा गोविंद चिटणीस

बडोदे, ९ फेब्रुवारी २००४