बेडकाचा साचा

आप्पा, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती. पलसाण्याच्या डाइंग मिलमधली पाळी संपवून कंपनीच्या बसने तुम्ही यायचात, आणि आई डोळ्यांनीच सांगायची, आधी त्यांना जेवू दे. जेवण झालं की तुम्ही आडवे व्हायचात. माझं भांडण असं कायम उद्यावर जायचं, आणि मग तुम्हीच गेलात. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की जाऊ दे, तो काळच तसा होता. पण गेल्या रविवारी एक गृहस्थ घरी येऊन गेले आणि ती समजूत पार मोडून पडली. त्यांचं पुढे सांगते. आधी माझं ऐका.

गोडादऱ्याचं आपलं ते दोन खोल्यांचं घर. मी दहावीत होते. सुट्टीच्या दिवशी तुम्ही भावाला घेऊन बारडोलीकडच्या कालव्यावर मरळ मासे धरायला जायचात. मला कधी नेलं नाही. एकदा तिथे कुणीतरी तुम्हाला परदेशी रबरी बेडूक दिला, पाय तुटलेला. गळाला असा बेडूक लावून पाण्यावरून ओढत आणला की मरळ खवळून येते, जिवंत आमिषाची गरज पडत नाही. तुम्ही तो घरी आणलात, दिवसभर हातात फिरवलात आणि म्हणालात, हे घरी जमायला हवं. खेळणी बनवणाऱ्या एका ओळखीच्याकडून तापवून साच्यात ओतायचं पातळ प्लास्टिकही डबाभर आणलंत. बेडूक मात्र तुमच्या हातून होईना. मातीचे केलेत, ते भज्यांसारखे दिसत होते. मग मी कपड्यांच्या साबणाची वडी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने त्यातून बेडूक कोरला. तुम्ही तो उलटापालटा करून पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "साबण महाग शे." मी त्याला तेल लावलं, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये दाबला, साचा उन्हात वाळवला आणि आतून पांढऱ्या गोंदाचा पातळ हात दिला. आपल्या घरातला पहिला साचा तो. तो मी केला होता, आप्पा. लिहूनच ठेवते, कारण तोंडाने कुणी कधी म्हटलं नाही.

आईने जुनी कढई आणि वेगळी शेगडी देऊन टाकली, माझ्या गॅसवर हा नरक नको म्हणाली. मी खिडकी उघडून नाकाला ओढणी बांधायचे आणि ते प्लास्टिक ढवळत बसायचे. दुधासारखं पातळ असतं ते आधी घट्ट होतं, गुठळ्या धरतं, आता फुकट गेलं असं वाटतं, आणि मग एकाएकी मधासारखं पारदर्शक होतं. तेवढ्यात रंग घालायचा, साडीवर लावतात ती चमकी चिमूटभर टाकायची आणि ओतायचं. जरा उशीर झाला की पिवळं पडतं आणि डोळ्यांत धूर जातो. एकदा तुम्हाला घाई होती. साचा अजून ओला आहे, मी म्हटलं. तुम्ही ओतलंत. आत पाणी होतं, ते उसळलं आणि तापलेलं प्लास्टिक माझ्या मनगटावर आलं. तुम्ही आधी साचा पाहिलात, तडकला का म्हणून. मग माझा हात. तो नळाखाली धरून तुम्हीच उभे होतात, हे खरं आहे, पण तुमच्या नजरेचा तो क्रम मी विसरलेले नाही.

रविवारी सकाळी बेडूक घ्यायला गिऱ्हाइकं यायची. तुम्ही बाहेरच्या खोलीत, मी पडद्याच्या आत, साच्यातून निघालेल्या बेडकांच्या कडा कातरत. कुणी गुजराती विचारायचा, "काका, आ कोण बनावे छे?" तुम्ही जराही न अडखळता सांगायचात, "मारो छोकरो." हिंदीवाला असला तर "मेरा लडका." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. भावाला कढई कुठे ठेवलीय तेही माहीत नव्हतं. एकदा एकाने त्यालाच गाठून विचारलं, हा बेडूक तरंगतो की बुडतो? तो बिचारा पडद्याकडे बघायला लागला. मी आतून सांगितलं, नुसता तरंगतो, गळ लावला की हळूहळू खाली जातो, दोरी ओढत राहिलं तर वरच राहील. तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघून हसलात आणि मला म्हणालात, "तू मझार ध्यान दे, दूध उतू जाई." आत गॅसवर दूध नव्हतंच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आपल्याकडे माझं सगळं विकलं जात होतं, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, साचे घेऊन जाऊ का? तोवर बेडकांचे, गांडुळांचे, शेपटी हलवणाऱ्या माशांचे, खोकंभर झाले होते. तुम्ही म्हणालात, "सासरले कोनी साचा न्हेस का? राहू दे, भाऊले कामे येतीन." मला मिळाला कुकर. आखाजीच्या सणाला माहेरी आले तर ते खोकं गच्चीवर, झाकणाशिवाय. पावसाळ्यात प्लास्टर भिजून भुसभुशीत झालं होतं, बेडकाच्या डोळ्यांच्या जागी बोट घातलं तर चुरा निघाला. खाली येऊन मी तुमच्यासमोर बसले. तुम्ही मांडे खात होतात. मी म्हटलं, आप्पा, साचे गेले. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, तू आते संसार पाह्य." भावावर माझा राग नाही. त्याला ते कधी नकोच होते.

संसार पाहिला. तो पाहता पाहता पुन्हा साबणही कोरला. आता सिलिकॉनचे साचे करते, गॅलरीत वेगळी जागा आहे, तोंडाला नीट मास्क आहे, आणि पाकिटावर माझं नाव छापलेलं आहे, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. नवऱ्याने विचारलं होतं, नाव कशाला, बेडकाचं चित्र टाक. दोन दिवस भाजीत मीठ कमी पडलं. मग त्यानेच छापून आणलं.

तर, रविवारचे गृहस्थ. तुमच्याच मिलमधले, रंगखात्यात होते म्हणाले, आपल्याच धुळ्याकडचे. बेडूक घ्यायला आले होते. पाकीट डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू आप्पानी पोर ना? तोच हात शे म्हना." मला कळेना. हे काम तर भावाचं म्हणून प्रसिद्ध होतं. तर ते हसले. "कसाना भाऊ! तुना बाप बसमझार रोज सांगे, मनी पोर करस, तिना हातले तोड नही. खिशामझार बेडूक लई फिरे. अख्खी बसले माहीत व्हतं." मग गिऱ्हाइकांना तसं का सांगायचे, मी विचारलं. ते म्हणाले, लग्नाची पोर, मासळीच्या कामात बसते असं समाजात कळलं तर स्थळं येणार नाहीत, ही आप्पाला धास्ती. आणि घरी बोलू नका म्हणायचा, पोर डोक्यावर बसेल.

अख्ख्या बसला माहीत होतं, आप्पा. खिशात माझा बेडूक घेऊन फिरत होतात, ड्रायव्हरलाही माहीत होतं. म्हणजे 'माझी पोर करते' हे वाक्य तुम्हाला येत होतं. मी समजत होते, तुम्हाला माझं काम दिसलंच नाही. ज्याला दिसलंच नाही त्याला क्षमा करता येते, मी केलीही होती. पण तुम्ही पाहिलंत, ओळखलंत, लोकांना सांगितलंत, आणि ज्या घरात ते सांगायचं होतं तिथे येऊन साबण महाग आहे म्हणालात. बरं, स्थळांची भीती मानली. मग लग्नानंतर? त्यानंतर पुरतं एक वर्ष तुम्ही होतात. मी समोर बसून साचे गेले म्हणाले तेव्हा कुणाचं स्थळ अडणार होतं? मी डोक्यावर बसले असते तर बसले असते. एवढं काय वजन होतं माझं?

हे कागद मी तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही, तेवढा मान द्यायची आज इच्छा नाही. उद्या रद्दीत जातील. फक्त एक सांगते. ते गृहस्थ उठले, तर मी त्यांना चहासाठी बसवून घेतलं. चहा देताना विचारलं, काय म्हणायचे हो आप्पा? त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मिक्सरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं म्हणून मी त्यांच्याकडून ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं. मिक्सर बंद होता.