माँजीचं काय झालं

३० जून २००३, सोमवार. सेलू
केबल कापली. प्राची दहावीत गेली म्हणून. पोरगी दहावीत गेली की घराला सुतक. पाहुणे बंद, हसणं बंद, टीव्ही तर बंदच. यांनी स्वतः स्टुलावर चढून वायर ओढली, टीव्हीला जुनी चादर गुंडाळली आणि दुकानामागच्या खोलीत पितळी घागरी-गुंडांशेजारी नेऊन ठेवला. "मार्चपर्यंत कोनी नाव काढायचं नाई." भांड्यांच्या दुकानदाराचा हुकूम, गिऱ्हाईक नसलं की घरात चालतो.
सा. (सासूबाई. रोज पूर्ण लिहायची त्यांची लायकी नाही.) बाजेवरून बघत होत्या. मागच्या वर्षी लकवा झाला, डावं अंग गेलं. तेव्हापासून टीव्हीच त्यांचा लेक. माँजीची हिंदी मालिका लागली की पाणीसुद्धा मागायच्या नाहीत. आज वायर गेलेल्या भोकाकडे बघत राहिल्या.
मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१ जुलै, मंगळवार
बरं वाटलं ते सकाळपर्यंतच. संध्याकाळी दिवे लावले नि पाय आपोआप बाहेरच्या खोलीत गेले. नुसती भिंत. हात चाळवतात, काय करावं सुचत नाही. दोनदा डाळ निवडली. म्हणजे मलाही तेवढंच व्यसन होतं, नावं सा. ला ठेवत होते.
सा. : "आज त्या सुनेनं, रागिणीनं माँजीच्या चाब्या चोरल्या असतीन. जीव लागून राह्यला वो."

२ जुलै, बुधवार
सा. नी शेजारच्या सुलभाकडे पिटाळलं. "पाहून येजो अन् मले सांगजो." गेले. सुलभाचा नवरा बनियनवर लोळत होता, दोन दीर जेवत होते. सुलभा "या ना" म्हणाली, पण कुठे बसा ते म्हणाली नाही. परत फिरले. आमच्याच अंगणात तुळशीपाशी उभी राहिले, अर्धा तास डास मारले, मग आत.
"काय झालं माँजीचं?"
सांगून टाकलं. माँजीनं चाब्या ब्लाउजमध्ये लपवल्या, रागिणीला सापडल्या नाहीत. सा. अर्ध्या तोंडानं हसल्या. पटलं त्यांना!
 चोरी पचली की असंच वाटत असेल.

४ जुलै, शुक्रवार
आज गेलेच नाही. भांडी घासत असताना सगळा प्रसंग जुळला. रागिणी माँजीच्या पायाला तेल लावते, गोड बोलते, एक एक करून चाब्या काढून घेते. सा. ना सांगताना रागिणीचा आवाज काढला, माँजीचा काढला. वरची पट्टी, खालची पट्टी. किती वर्षांनी. घसा दुखला तरी थांबवेना.
सा. टक लावून बघत होत्या.

१५ जुलै, मंगळवार
कमाल आहे. टीव्ही होता तेव्हा डोक्यात दुसऱ्याचं भरत होते. आता पोळ्या लाटताना रागिणी बोलते, कपडे वाळत घालताना माँजी. भाजीवाली दारात वांग्यांवरून एकीशी भांडली, ते भांडण जसंच्या तसं संध्याकाळी माँजीच्या बंगल्यात नेलं. मी कॉलेजात नाटकं करायचे, वर्ध्याला. गॅदरिंगला मुलं टाळ्या वाजवत उभी राहायची. हे मी विसरले होते. विसरले नव्हते, बुजवलं होतं.
कुणी बुजवलं? लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गणपतीत मंडळाच्या नाटकात मला काम मिळालं होतं. तालमीतून सा. नी हाताला धरून आणलं, भर चौकातून. "भांडेवाल्याची सून तोंडाले रंग लावून नाचन का?" ज्या हातानं ओढलं होतं, तोच हात आता गेलाय. देव आहे.

२८ जुलै, सोमवार
आज माँजीला लकवा दिला.
सा. ओरडल्याच. "असं कसं? काल तं चांगली होती!" म्हटलं, आई, तसंच होतं, तुम्हाला नाही का झालं. 
डावी बाजू दिली. रागिणी डॉक्टरांसमोर रडली, डॉक्टर गेल्यावर साडीच्या दुकानात गेली. सा. च्या डोळ्यांतून पाणी. उजव्या कुशीवर निजलेल्या, पुसायचा हात अंगाखाली. मी पुसलं नाही. मला शांत झोप लागली.

२० ऑगस्ट, बुधवार
रागिणीनं माँजीच्या ताटातलं वरण चाखून बघितलं, तोंड वाकडं केलं, उचलून गायीपुढे ठेवलं. "ऐसी दाल गाय ही खाएगी." माँजी उपाशी.
हे मला बनवावं लागलं नाही. माझं वरण सा. नी लग्नाच्या पहिल्या पंधरवड्यात कितीदा तरी गायीला घातलंय. ती गाय माझ्या हातची चव सा. पेक्षा जास्त ओळखायची.
सा. आज जेवल्या नाहीत. "भूक नाई." यांना काळजी. "शैला, आईले काय झालं?" म्हटलं, हवा बदललीय.

३ सप्टें., बुधवार
महालक्ष्म्या बसल्या. घर बायकांनी भरलं. सा. ची खाट मागच्या खोलीत नेली, वर्दळ नको म्हणून. यांनीच नेली, मी नाही. मी फक्त सुचवलं.
गडबडीत वेळ मिळणार नव्हता. तरी गेलेच. ताट वाढता वाढता उभ्या उभ्या सांगितलं की पूजेला माँजीचा पाट रागिणीच्या आईला दिला. पुरणाचा घास सा. च्या तोंडात तसाच राहिला.
चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस आलेत.

१८ सप्टें., गुरुवार
प्राचीनं पकडलं. भिंतीआडून ऐकते, अभ्यास सोडून. "आई, हे तू बनवते ना? एकदम भारी आहे. पण आजी रडते ना गं."
म्हटलं, भूमिती कर. चाचणीत गणितात नापास झाली. केबल कुणासाठी कापली होती, देव जाणे.
पण "भारी आहे" म्हणाली. दिवसभर तेच मनात.

९ ऑक्टो., गुरुवार
माँजीला वृद्धाश्रमात पाठवायचं ठरतंय. रागिणी फक्त फोन फिरवते, बोलत नाही, मी तेवढ्यावर थांबले. उद्यावर ठेवलं. उद्यावर ठेवण्यात काय सुख आहे ते लिहिणाऱ्यालाच कळावं.
सकाळी सा. नी यांना जवळ बोलावलं. "बापू, मले कुठी पाठवून राह्यला का?" हे हसले. "कुठं पाठवू तुले? काहीही बोलते."
सा. मला आता "शैलाबाई" म्हणतात. पाणी मागताना "जमलं तं" म्हणतात. उशीखाली पोळीचा तुकडा सापडला, कडक झालेला. साठवतात.
वाईट वाटलं का? वाटलं. चहा होईपर्यंत वाटलं. मग आश्रमातली खोली कशी असेल ते सुचायला लागलं. खिडकी नाही दिली.

२९ ऑक्टो., बुधवार
नणंद वंदना आली, दिवाळीची. पिपरी मेघेला राहते, नवं घर, मोठा टीव्ही. आईशी बसली आणि मालिकेचा विषय निघाला. मी दारात चिवड्याची ताटली घेऊन.
सा. : "माँजीले आश्रमात टाकलं वो त्या बयेनं."
वंदना खदखदा हसली. "कोनी? अवं आई, माँजी तं आता सगळ्या कंपनीची मालकीन झाली! रागिणी पाय दाबून राह्यली तिचे."
ताटली हातात जड झाली. आता संपलं सगळं, असं वाटलं. नवऱ्याला कळणार, गावाला कळणार, पडलेल्या म्हातारीला सून छळते.
सा. नी माझ्याकडे बघितलं नाही. वंदनाला म्हणाल्या, "तुह्याकडची केबल येगळी असन."
वंदनानं मला खूण केली, डोक्याजवळ बोट फिरवून. म्हातारी गेली कामातून. मीही मान हलवली. लाज वाटली, तरी हलवली.

३० ऑक्टो., गुरुवार
वंदना सकाळच्या गाडीनं गेली. दिवे लागले. मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. शेवटी हाक आली. "सांगत नाई का आज?"
गेले. बसले. म्हटलं, आई, ते वंदनाताई म्हणत होत्या...
"मले पयल्या हप्त्यातच मालूम होतं."
कसं?
"सोमवार ते गुरुवार लागते माही शिरेल. तू शुक्रवारी सांगतली. अन् रविवारी बी."
मी हावरट. आठवड्याचे सातही दिवस सांगत होते, एकदाही ध्यानात आलं नाही.
"अन् थे वरनाचं? टीव्हीवाले आले होते का आपल्या गायीपाशी?"
म्हणजे रडल्या ते माँजीसाठी नव्हे. रोज. सगळं माहीत असून. मी विचारलं, मग ऐकत काऊन होत्या? माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.
 मग म्हणाल्या, "दुसरं कोन बसते वो माह्यापाशी?"
आणि वर, "अन् तू सांगते बराबर. लय बराबर. तवा तालमीत बी चोरून पाह्यलं होतं म्या, वढून आनाच्या आधी. त्याच्याचनं तं आनलं."
 मी उठून आले. त्याच्याचनं म्हणजे? चांगलं करत होते म्हणून? पंधरा-सोळा वर्षं मला वाटलं की

(सकाळी पुरं करीन म्हटलं. नाही होत.)

१ नोव्हें., शनिवार
वंदनानं भावाचे कान भरले. हे म्हणाले, "आईच्या डोक्यावर परिणाम होऊन राह्यला म्हनते. आनू का टीव्ही परत? प्राची तशी बी पास नाई होत."
सा. बाजेवरून म्हणाल्या, "नाई पाह्यजे." मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "नको." दोघींचं एकदम. हे गोंधळले. या घरात आमचं दोघींचं कधी एक झालं नव्हतं.
आज सांगितलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. डोक्यात माँजी बोलत होती, दाबून ठेवली.

३ नोव्हें., सोमवार
अंग पुसून दिलं, वेणी घातली. आज पहिल्यांदा हात हळू फिरला, मुद्दाम नव्हे. सा. म्हणाल्या, "आज मारून टाक तिले."
कुणाला?
"माँजीले. लय हाल केले तू तिचे. आता मरन दे. चांगलं देजो. तुले येते."
म्हटलं, आई, काहीतरीच. माँजीला घरी आणते ना. आजच आणते. चाब्या देते परत.
"नोको. थे खोटं वाटन."
बरोबर आहे. खोटं वाटेल. एवढं ऐकून ऐकून म्हातारीला कळतं कुठे काय बसतं.
संध्याकाळी पाट घेऊन बसले. प्राचीही पुस्तक मिटून उंबऱ्यात. म्हटलं, माँजी त्या दिवशी पहाटेच जागी झाली. खिडकी नव्हती, तरी उजाडल्याचं तिला कळलं. पुढचं सगळं तयार होतं, दुपारी तूर निवडताना जुळलेलं. वाक्यन् वाक्य. इतकं चांगलं मला आजवर सुचलं नव्हतं. रडू येईल असं मरण आहे.
आणि बोलवेना. सांगितलं की संपलं. उद्या संध्याकाळी मी काय करू? आणि त्या? त्या काय मागतायत, कुणाचं मरण, ते मला कळत नाही असं नाही.
दूध बघते म्हणून उठून आले. ओट्यावर हे लिहितेय. आतून हाक येतेय.
"मेली का वो?"
प्राची दारात येऊन उभी आहे. "आई, आजी विचारते."
येते म्हण, म्हटलं.