आमच्यात जेवायला या ना

मोरिओका, जपान

प्रिय आई,

शाळेत शिकवणं सुरू झालं, खोलीही उबदार आहे, काळजी करू नकोस. इथले शिक्षक भेटले की अदबीने वाकतात, पण इंग्रजी चुकेल या भीतीने माझ्याशी बोलत नाहीत. दोन आठवडे डबा एकटीनेच खाल्ला.

काल चिहाया नावाची विद्यार्थिनी आली. तळहातावर लिहून आणलेलं इंग्रजी वाक्य तिने अडखळत वाचलं, "बाई, आमच्यात जेवायला या ना!"

डबा घेऊन त्यांच्या वर्गात गेले. पोरींनी विचारलं, "आयर्लंडमध्ये, गॉलवेला तुमची आई काय करते जेवायला?" तुझ्या बटाट्याच्या सूपाचं सांगायला लागले आणि रडूच कोसळलं.

चिहाया घाबरून म्हणाली, "बाई, आमचं इंग्रजी एवढं वाईट आहे?"

सगळ्या हसल्या. मीही.

बाबांचा खोकला थांबला का? खरं सांग. मीही सांगितलंय.

तुझीच,
ओर्ला