पंचमीचा मुऱ्हाळी

ती. आक्कास, शहापुरातून धाकट्या ज्योतिबाचा नमस्कार.

पहाटे कानात पंचमीच्या झोक्याची कुईकुई आली. तू उंच जायचीस आणि वरूनच माझ्याकडून शाळेची कविता म्हणवून घ्यायचीस.

इथं सगळी खुशाल आहेत, पण काहीतरी लपवतायत. तुला माहेरपणाला आणायला मुऱ्हाळी म्हणून जांबोटीला निघतो म्हटलं, तर सून म्हणते, "आप्पा, गुडघं बघा की!" फोन लाव म्हटलं, तर "तिकडं रेंज न्हाय." आमचा महादेव सकाळीच गाडी घेऊन गेलाय, कुठं ते कुणी सांगेना. मनात नको नको ते येतं. आक्का, तू धड आहेस ना? तुझ्याच हातानं दोन ओळी लिही.

थांब, दार वाजलं.

अगं, आता हे पत्र टाकू कुठं? महादेवाच्या खांद्याला धरून उंबऱ्यात तूच ओरडतेयस, "जोत्या, मुऱ्हाळी बदललास व्हय रं?"